मोराच्या अंगावरच्या रेघा

मोर मला आवडत नाही. हे सांगितलं की माणसं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. मागच्या दिवाळीत सुनेनं हौसेनं मोराची चादर आणली, दिवाणावर घालायला. मी म्हटलं, बाई गं, हत्ती घाल, वाघ घाल, वाटलं तर गाढव घाल, पण मोर नको. ती हसून म्हणाली, "आई, मोरानं तुमचं काय घोडं मारलंय?" आता काय सांगायचं तिला! चादर परत कपाटात गेली. पण त्या दिवसापासून जुनं सगळं डोक्यात असं काही फिरायला लागलंय की म्हटलं, लिहून काढलेलं बरं. निदान सुनेला कळेल की सासू खुळी नाही.

आमचं दुकान आणि घर एकाच छपराखाली होतं. सोलापुरात सात रस्त्यावरून आतल्या गल्लीत वळलं की पुढच्या खोलीत माझ्या वडिलांचं, अप्पांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं न्हाणी, आणि वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की दुपारी मांजरसुद्धा त्यावर पाय ठेवत नसे. घरात सकाळपासून रेडिओ वाजत असायचे, पण पुरतं गाणं एकही नाही. अप्पा रेडिओ दुरुस्त करायचे, तो वाजायला लागला की दोन ओळी ऐकायचे आणि कान पिळून बंद करायचे. अव्वा, माझी आई, म्हणायची, "लग्न होऊन आल्यापासून एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं न्हाय मी. जरा कुठं लय लागली की हे बंद करत्यात." अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची. अप्पांशी ती कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि रागावली की कुणाशीही कानडीत. ती आतून कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी आणि दही पाठवायची, आम्ही दुकानात बसूनच खायचो, त्यामुळे लहानपणापासून माझ्या भाकरीला सोल्डरच्या राळेचा वास असायचा. अजूनही नुसती भाकरी खाल्ली की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकून आले आणि घरातच बसले. म्हणजे लोकांच्या हिशेबानं बसले. खरं तर मी अप्पांच्या टेबलाशेजारी उभी असायची. टेबलासमोरची खुर्ची अप्पांची. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा घरातला कायदा. पण अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, अंगात साखर होती, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. एकदा एका टीव्हीच्या बोर्डावर त्यांनी दोन शेजारच्या बारीक तारा एकत्र जोडून टाकल्या. धूर निघाला.  ते उठले, चष्मा धोतराला पुसला, आणि मला म्हणाले, "बस." एवढंच. त्या दिवसापासून मी त्या खुर्चीवर. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांनी नाकं मुरडली. माझा एक चुलता तर तोंडावर म्हणाला, "पोरीच्या हातात गरम इस्त्री शोभती, सोल्डरची न्हवं." अप्पा त्याला काहीच बोलले नाहीत. पण मला खुर्चीवरून उठवलंही नाही. मला तेवढं पुरेसं होतं. ती खुर्ची टिकवायची, बास, दुसरं काही मला त्या वयात नको होतं. स्थळं येत होती, मी नाक उडवत होते.

नरसय्या आला तो दसऱ्याच्या आधी. पूर्व भागातला विणकर, घरचाच छोटा कारखाना, तो आणि त्याची बायको राजम्मा. त्यानं आपले जुने माग मोडून, घरच्या सगळ्यांचा विरोध पत्करून, परदेशातल्या कुठल्याशा मिलनं काढून टाकलेला एक माग घेतला होता. त्यावरचं जकार्ड, म्हणजे नक्षी पाडणारं यंत्र, इलेक्ट्रॉनिक होतं. म्हणजे चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांवरून नाही, तर एका बोर्डावरून ठरायची. बोर्ड सांगेल तो हुक उचलायचा, तो धागा वर यायचा. ज्यानं माग विकला त्यानं आता हात झटकले होते. बोर्ड गेलं, नवीन मिळत नाही, माग भंगारात घाला, म्हणाला. नरसय्यानं ते बोर्ड टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून आमच्या दुकानात आणलं. पाटाएवढं मोठं, त्यावर आयसींच्या, म्हणजे पाय फुटलेल्या काळ्या चिपांच्या, रांगाच रांगा आणि मधोमध एक लांबलचक, चाळीस पायांची. "अप्पा, याच्यात माझं घर हाय बघा," तो म्हणाला. "हे चाललं न्हाय तर मला भावाच्या कारखान्यात चाकरीला जावं लागतंय. आणि तो माझ्याशी बोलत न्हाय."

तो पहिला बिघाड मी एका सकाळीत काढला. त्यात काही विशेष नव्हतं. बोर्डाला वीज दिली आणि एकेका आयसीवर बोट ठेवत गेले. एका कडेच्या आयसीनं बोट असं भाजलं की मी "आई गं" करून तोंडात घातलं. ती बदलली. हुकांच्या जागी मी एका फळीवर लाल दिव्यांची रांग बसवली होती. नक्षीची एकेक ओळ त्या दिव्यांवर उमटायची. मोर होता. पाय, पोट, मान, तुरा, सगळं ओळीनं येऊन गेलं. अप्पा दिवे बघत उभे होते, त्यांना ते धूसर दिसत असणार. पण नरसय्याला ते म्हणाले, "आमच्या नंदानं केलंय." गिऱ्हाइकासमोर माझं नाव पहिल्यांदाच घेतलं त्यांनी. मी दिवसभर जमिनीवर नव्हते. अव्वाला दोनदा विचारलं, अप्पा काय म्हणाले ऐकलंस का? ती म्हणाली, "ऐकलं गं बाई. आता ती कढी उतू चाललीय ती बघ."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नरसय्या म्हणाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर नेतो, तोवर बोर्ड तुमच्याकडंच राहू द्या. खंडेनवमीला आमच्या दुकानात कामाला सुट्टी आणि सगळ्या हत्यारांना आंघोळ. मीटर, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरची गन, सगळं पाटावर मांडायचं. अप्पा सोवळं नेसून बसायचे, वाटीत विभूती भिजवायचे आणि तीन बोटांनी प्रत्येक वस्तूवर पट्टे ओढायचे. आतून होळगीचा, म्हणजे पुरणपोळीचा, वास येत असायचा, तुपाचा, कटाच्या आमटीचा. त्या वर्षी पूजा मोठी झाली, कारण पाटाच्या मधोमध नरसय्याचं बोर्ड होतं. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. पूजा मी बघितलीच नाही, आरतीला तेवढी गेले. दसऱ्याला पहाटे नरसय्या आला, बोर्ड टॉवेलात घट्ट गुंडाळलं, आपट्याची पानं दिली आणि गेला.

आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हातात चादरीचा तुकडा. मोर आला होता, पण त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा. एक रेघ, मग थोडी जागा, मग रेघ, मग जागा. खुराड्यात कोंडलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. नरसय्यानं तुकडा टेबलावर ठेवला. मी बोर्ड जोडलं, दिवे लावले. मोर स्वच्छ! एक रेघ नाही. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "तितं येती की रेघ." परत नेलं, परत लावलं, परत रेघा. परत माझ्याकडं, परत स्वच्छ. असं इतक्यांदा झालं की मला ते बोर्ड दारातून येताना दिसलं तरी कपाळ दुखायला लागायचं.

आता त्या रेघेचं कारण मला अर्धं कळलं होतं, आणि अर्धं कळणं हे अजिबात न कळण्यापेक्षा वाईट. दर आठव्या धाग्यावर चूक येत होती. म्हणजे बोर्डाच्या आठ मुख्य तारांपैकी एका तारेत घोटाळा. पण ती एक तार बोर्डभर फिरत होती आणि प्रत्येक आयसीनं तिच्यावर एकेक पाय ठेवलेला. चाळीत एकाच पाइपावर सगळ्या घरांचे नळ असावेत, कुणाचा तरी गळत असावा, पाणी सगळ्यांचंच जावं, आणि कुणाच्या दारात जाऊन विचारावं तर तो म्हणणार माझा ठीक आहे. मी एकेक आयसी काढून बदलायला घेतली. पुण्याहून मागवायच्या, वाट बघायची, पायाला पाय जुळवून बसवायच्या, दिव्यांवर मोर स्वच्छ, नरसय्याकडं रेघा. काढलेल्या प्रत्येक आयसीला मी तपासायची आणि प्रत्येक ठणठणीत निघायची. एकही बिघडलेली नाही! कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की बोर्ड बिघडलं म्हणजे त्यातलं काहीतरी बिघडलेलं असतं, ते शोधा. मला त्या मास्तरांना धरून आणावंसं वाटायचं. बसा इथं, म्हणावं, आणि शोधा.

त्यात दुपारची लाइट जायची. नेमकं काहीतरी हाताला लागतंय असं वाटावं आणि दिवे विझावेत. मी टेबलावर डोकं टेकून बसून राहायची. रात्री डोळे मिटले की लाल ठिपके. जेवण जाईना. अव्वा ताट समोर ठेवायची आणि म्हणायची, "खा की गं. त्या डबड्यानं तुझं रक्त प्यायलंय. फेकून दे तिकडं." मी तिच्यावर ओरडायची. मग ती कानडीत सुरू व्हायची.

आजकाल हे असलं कुणी करत नाही. दुकान अजून आहे, पाटीवर नाव अजून अप्पांचंच आहे, पण काम म्हणजे काय, बोर्ड काढायचं आणि नवं टाकायचं. वॉशिंग मशीनचं बोर्ड तर आता अख्खं डिंकासारख्या चिकट्यात बुडवून येतं, आतला एक पायही दिसत नाही. मुलगा म्हणतो, आई, कशाला शोधत बसतेस, मागव नवीन. बरोबरच आहे त्याचं. तरी एखादं बोर्ड मिळालं की मी चोरून उघडते. खोड.

नरसय्यानं एक दिवस दुकानात बसून अप्पांना विचारलं, "अप्पा, तुमी स्वतः एकदा बघाल काय?" तो वाईट बोलला नव्हता. माग बंद पडून त्याचे हाल चालले होते, भावाकडून निरोप आला होता की ये, जागा आहे, पण तुझा माग आधी मोड. आणि माझे अप्पा, माझ्यासमोर, त्याला म्हणाले, "पोरीचा हात हाय. सोल्डर कच्चं ऱ्हायलं असंल. मी बगतो." मी खुर्चीतच होते. त्यांनी माझ्या हातातून सोल्डरची गन घेतली. ओढून नाही, हळूच घेतली, पण घेतली. मी उठले. न्हाणीत जाऊन दार लावलं आणि बादलीचा नळ मोठा सोडून रडले. मला अजून आठवतं, मला दुःख कमी झालं होतं आणि राग जास्त आला होता. माझं सोल्डर कच्चं? माझं?

अप्पांनी त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, भिंग नाकाला लावून, माझे सगळे टाके परत वितळवून परत घातले. करता करता एक तार बोर्डावरून उखडली. ती मी त्यांच्या पाठीमागं, ते दुपारी झोपल्यावर, केसासारखी बारीक वायर घालून जोडली. बोर्ड नरसय्याकडं गेलं. रेघा! तेव्हा अप्पा नुसतं "हूं" म्हणाले आणि बाहेर काउंटरवर जाऊन बसले. खुर्ची रिकामी. त्यांनी मला परत बस म्हटलं नाही आणि मी बसले नाही. दोघं दोन दिशांना तोंड करून बसलेलो. अव्वा मधून जाता-येता पदरानं घाम पुसायची. घरात रेडिओसुद्धा वाजेना.

शेवटी एके सकाळी मी चप्पल घातली आणि सरळ पूर्व भागात नरसय्याच्या कारखान्यात गेले. माझं म्हणणं एवढंच होतं की माझ्यासमोर ते भूत नाचताना मला एकदा बघायचंय. दारातून आत पाऊल टाकलं आणि पाय सटकला. फरशी ओली. राजम्मा बादलीतून हातानं पाणी शिंपडत होती, भिंतीलगत ओली पोती टांगलेली, आत सगळा दमटपणा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "पानी मारायला लागतंय की. हवा सुकी झाली तर धागा तुटतोय." सोलापुरात सगळेच मारतात, मला माहीत असायला हवं होतं, पण आमचं घर रेडिओवाल्याचं. मी मागाजवळ गेले. बोर्डाची पेटी उघडली. आतला पत्रा घामेजलेला. आणि मला एकदम असं झालं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. माझं टेबल पत्र्याखालचं, कोरडं ठणठणीत. बोर्ड माझ्याकडं आलं की सुकत होतं आणि इथं येऊन भिजत होतं. म्हणजे बिघाड पाण्यानं जागा होत होता. मी राजम्माला म्हटलं, बोर्ड द्या, आत्ताच्या आत्ता. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "दे. अजून काय व्हायचं राहिलंय?"

घरी आले तर अव्वानं बंब पेटवला होता. मी बोर्ड घेऊन न्हाणीत शिरले, कढत पाणी बादलीत ओतलं आणि वाफेवर बोर्ड धरलं. अव्वा दारात येऊन बघतच राहिली. "शिवा शिवा! आता त्याला आंघोळ घालायलीस?" मी म्हटलं, तू गप बस, दिवे लाव. वाफाळलेलं बोर्ड पळत नेऊन टेबलावर जोडलं. आणि दिव्यांवर, माझ्या स्वतःच्या दिव्यांवर, त्या हरामखोर मोराच्या अंगावर रेघा! मी टाळ्या पिटल्या. इतक्या दिवसांत बिघाड बघून कुणी खूश झालं असेल तर ती मी. शेजारच्या पार्लरवालीकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं, वर्तमानपत्राचा कोन करून त्याच्या तोंडाला लावला आणि गरम हवा बारीक करून एकेका आयसीवर सोडत गेले. वाळलं की परत न्हाणी, परत वाफ, परत टेबल. या टोकाला फुंकर, रेघा तशाच. त्या टोकाला, तशाच. आणि मधल्या त्या चाळीस पायांच्या आयसीवर हवा धरली, तर रेघा एकेक करून गळून पडल्या. हवा काढली, वाफ दिली, आल्या. हवा धरली, गेल्या.

ती आयसी मी आतापर्यंत बदलली नव्हती, कारण ती तशी कुठंच मिळत नव्हती. चाळीस पाय एकेक करून सोडवले. हाताला घाम, बोटांना चटके. ती उचलली आणि तिच्या खाली, बोर्डावर, पायांच्या दोन्ही रांगांच्या मधे, पांढरट राखाडी लेप. सुकलेला, भेगा पडलेला. मी नखानं खरवडला. वास घेतला. आमच्या घरात तो वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. विभूती. पाण्यात कालवलेली, तीन बोटांनी ओढलेली. वरची टॉवेलात पुसली गेली होती, पण ओली असतानाच खाली उतरलेली ती तिथंच बसली होती. कारखान्यातला दमटपणा शोषून घ्यायची आणि एका पायाची वीज शेजारच्या पायात सोडायची. अप्पांनी खंडेनवमीला, नरसय्याचं घर त्यात आहे म्हणून, सगळ्यात जास्त भक्ती त्या बोर्डावर केली होती. मधली सगळ्यात मोठी आयसी म्हणजे त्याचं कपाळ, असं त्यांनी ठरवलं असणार.

मी बोर्ड घेऊन काउंटरवर गेले आणि अप्पांच्या समोर ठेवलं. नुसतं बोट दाखवलं. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. बोटानं थोडी राख उचलली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग उठले, हातपाय धुतले आणि आत जाऊन अव्वाला म्हणाले, "ऊटा?" म्हणजे जेवायला वाढ. बास!  मी तिथं उभी, माझ्या अंगाचा नुसता भडका उडालेला. मला ओरडायचं होतं, की माझं सोल्डर कच्चं नव्हतं, मी ज्या ज्या आयसी काढल्या त्या सगळ्या निरपराध होत्या, तुम्ही माझ्या हातातली गन काढून घेतलीत ती नरसय्यासमोर, आता नरसय्यासमोरच परत द्या. यातलं काही मी बोलले नाही. आत त्यांच्या भाकरी मोडण्याचा आवाज येत होता. मी स्पिरिटमध्ये दात घासायचा ब्रश बुडवला आणि ती राख घासघासून काढली, आणि तीच आयसी परत बसवली.

बोर्ड द्यायला या वेळी अप्पा स्वतः निघाले. मी म्हटलं, मीपण येते. ते नको म्हणाले नाहीत.  कारखान्यात मीच बोर्ड बसवलं, पेटीचं झाकण लावलं. राजम्मानं नेहमीसारखं पाणी मारलं, जास्तच मारलं, मीच सांगितलं होतं मार म्हणून. माग सुरू झाला. खडाड खडाड असा आवाज, की छातीत दणके बसतात. चादर इंचाइंचानं पुढं यायला लागली. पाय आले. पोट आलं. नरसय्या वाकून कापडाला डोळे लावून उभा. मान आली, तुरा आला. रेघ नाही! दुसरा मोर लागला, त्यालाही नाही. नरसय्या सरळ झाला, त्याचे डोळे भरलेले, आणि त्यानं अप्पांचे दोन्ही हात धरले. त्या आवाजात तो अप्पांच्या कानाला तोंड लावून ओरडला, मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "शेवटी तुमचाच हात लागला अप्पा, तवाच झालं!"

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पण तेव्हा मला एकच दिसलं, की ते हलवतायत. आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पांनी न्हाय. मी केलंय." मी ओरडले नव्हते. माझं मलाही ऐकू आलं नाही. अप्पा कापडाकडं बघत होते. पण मागाच्या पलीकडच्या टोकाला राजम्मा तुटलेला धागा जोडत होती, तिचे हात थांबले. या लोकांचा जन्म मागाच्या आवाजात गेलेला. ते कानानं ऐकत नाहीत, समोरच्याचे ओठ बघून ऐकतात. हे मला नंतर कळलं. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं तिथूनच नवऱ्याला, आवाज न काढता, ओठ हलवून काहीतरी सांगितलं. नरसय्यानं माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. आणि हात लांब करून त्यानं माग बंद केला. इतक्या दिवसांनी सुरू झालेला, डोळ्यांत पाणी आणून सुरू झालेला माग त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला. एकदम शांत झालं. कानात नुसतं शिट्टीसारखं वाजत होतं.

"ताई," तो मला म्हणाला. आतापर्यंत पोरी म्हणायचा. "काय म्हणालात? परत सांगा. मशीन बंद केलंय."

 अप्पा समोर, दोन हातांवर. मी परत सांगितलं. बिघाड मी शोधला, बोर्ड मी केलं, आणि माझं सोल्डर कच्चं नव्हतं. सांगताना आवाज फाटला, पण पुरतं सांगितलं.

अप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् बिघडवलं कुणी, ते बी सांग की."

ते मी सांगणार नव्हते. ते माझं नव्हतंच.  नरसय्या एक हात मागाच्या बटणावर ठेवून उभा, कुणालाच घाई नव्हती. आणि मग माझ्या अप्पांनी चष्मा डोळ्याला लावला, नरसय्याकडं तोंड केलं आणि खंडेनवमीपासून सगळं त्याला सांगितलं.